दुखणं थांबवणारी गोळी आणखी काय थांबवते

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या नवऱ्याला तंबाखूबद्दल विचारतात, दारूबद्दल विचारतात. 'कंबरेसाठी, झोपेसाठी, किंवा संबंधाची वेळ वाढावी म्हणून रोज कुठली गोळी घेता का?' हे मात्र सहसा कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी उत्तर खरं मिळेल असं नाही. या एका न विचारलेल्या प्रश्नापायी कित्येक बायका नको त्या तपासण्यांतून जातात. म्हणून हा विषय संकोच बाजूला ठेवून लिहायला हवा.

अफू, तिच्यातून निघालेलं मॉर्फिन आणि कोडीन, त्यापासून बनवलेलं हेरॉइन, आणि प्रयोगशाळेत तयार झालेली ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल ही सगळी एकाच कुळातली. मेंदूतल्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टर) बसून ती वेदना दाबतात, तेच ग्राहक प्रजननाच्या यंत्रणेवरही लक्ष ठेवून असतात.

ही यंत्रणा कशी चालते, हे चिपळूणजवळच्या अलोऱ्यातल्या माणसाला चटकन कळेल. कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याचे संच चालू झाले की कोयनेचं अवजल वाशिष्ठीकडे सुटतं, संच थांबले की पाणी ओसरतं. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमसही असाच थांबून थांबून, साधारण दीड-दोन तासांनी, जीएनआरएच या संप्रेरकाचा एकेक झोत सोडतो. झोत पोचला की पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच रक्तात पाठवते. एलएचमुळे वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, आणि एफएसएचच्या जोडीने त्यातूनच शुक्राणूंची घडण चालते. हा झोत थांबून थांबूनच यायला हवा. अर्न्स्ट नॉबिल यांच्या गटाने १९७८ साली माकडांवर दाखवून दिलं की तेच संप्रेरक अखंड धारेने दिलं तर पीयूषिका दाद द्यायची थांबते.

अफूवर्गातलं औषध नेमकं इथेच आड येतं. झोत विरळ होतात, एलएच घसरतं, त्यामागोमाग टेस्टोस्टेरॉन. प्रोलॅक्टिन वाढलं तर तेही यात भर घालतं. वृषणं धडधाकट असतात, त्यांना कामाचा निरोपच पोचत नाही. थिओडोर सिसेरो आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली याच कुळातलं मेथाडोन घेणारे, हेरॉइन घेणारे आणि यातलं काहीच न घेणारे पुरुष तपासले. मेथाडोन घेणाऱ्यांत वीर्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं, टेस्टोस्टेरॉन सुमारे ४३ टक्क्यांनी कमी होतं, शुक्राणूंची हालचालही मंदावली होती. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच हे कळलं होतं.

लक्षणं इतकी सर्वसाधारण असतात की कुणाला गोळीची आठवणही होत नाही. इच्छा उरत नाही, ताठरता येत नाही, दुपारीच गळून गेल्यासारखं वाटतं, मन खचतं. पुढे स्नायू झडतात, हाडं ठिसूळ होतात. माणूस म्हणतो, वय झालं.

सगळ्यात दुःखाची गोष्ट म्हणजे पुष्कळ पुरुष ही औषधं पुरुषत्वासाठीच घेतात. अफू वीर्यपतन लांबवते, हे आपल्या वैद्यकाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. शार्ङ्गधर संहितेत ती 'अहिफेन' म्हणून येते. कामिनीविद्रावण रसात आक्कलकारा, सुंठ, लवंग, केशर, जायफळ यांच्यासोबत अफू असते. आज त्याच हेतूने ट्रॅमाडॉल घेतलं जातं. वेळ लांबते हे खरं, पण रोजच्या सवयीने इच्छा आणि बीज दोन्ही आटतात.

हे सगळं आपल्यापासून दूर कुठेतरी घडतं, असं समजायचं कारण नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये पालघरच्या एका औषध कारखान्यात टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाचा, पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जाणारा प्रचंड साठा जप्त झाला आणि केंद्राने त्या मिश्रणाची निर्यात रोखली. ट्रॅमाडॉल २०१८पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. 'एम्स'च्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गातले पदार्थ घेतात, आणि त्यांत पुरुषच फार मोठ्या संख्येने आहेत.

कॅन्सरच्या असह्य वेदनेत मॉर्फिन घेणाऱ्याने मात्र हे वाचून घाबरू नये. ते औषध त्याच्या हक्काचं आहे. पुढे मूल हवं असेल तर उपचारांपूर्वीच वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं, एवढंच.

बाकीच्यांना तपासणी सोपी आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं, म्हणून रक्त सकाळीच द्यावं लागतं. अलोऱ्याहून चिपळूणला जायचं तर पहिली एसटी गाठावी. एकदा पातळी कमी आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात, सोबत एलएच आणि प्रोलॅक्टिनही. वीर्यतपासणीत दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये दिलेली खालची संदर्भ-मर्यादा आहे.

इथे एक धोका आहे. 'टेस्टोस्टेरॉन कमी आहे ना, मग इंजेक्शन द्या' असं सांगणारे भेटतात. बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन मेंदूला 'पुरे झालं' असं कळवतं, उरलंसुरलं एलएच आणि एफएसएचही बंद पडतं, आणि शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. मूल हवं असलेल्या पुरुषाने ते घेऊच नये.

गोळीही एका रात्रीत सोडू नये. घाम, जुलाब, अंगदुखी, झोप उडणं यांनी माणूस हैराण होतो आणि पुन्हा दुकानात जातो. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. व्यसनमुक्ती उपचारांत वापरल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनने टेस्टोस्टेरॉन मेथाडोनपेक्षा कमी दबतं, असं अभ्यासांत आढळलं आहे. औषध सुटलं की बहुतेकांची संप्रेरकं काही आठवड्यांत वर येऊ लागतात. शुक्राणू घडायला मात्र सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे वीर्याची पुढची तपासणी तीन महिन्यांनी करावी, आणि तिचा अहवाल हाती येईपर्यंत बायकोला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीख देण्याची घाई करू नये.