‘टू पॉइंट ओ’ आला की जुन्याचं काय?

हाँगकाँगच्या हॉट टॉईज या कंपनीने आयर्न मॅनचा ‘मार्क थ्री’ हा एकच सूट आतापर्यंत निदान तीनदा विकला. 2008 च्या चित्रपटानंतर प्लॅस्टिकचा. काही वर्षांनी धातूचे भाग असलेला, हातात घेतला की वजन जाणवणारा. आणि अलीकडे पुन्हा धातूचाच, पण नव्याने घडवलेला, नावापुढे ‘2.0’ लावलेला. सिनेमा तोच, सूट तोच, लाल-सोनेरी रंगही तोच. पदरमोड करून ज्याने आधीचा घेतला, त्याने आता काय करायचं?

प्रश्न लाडावलेल्या पोराचा वाटेल, पण या बाहुल्या पोरांसाठी नसतात. माणसाच्या एक षष्ठांश मापाच्या, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर उंचीच्या, खऱ्या कापडाचे कपडे घातलेल्या या मूर्ती. परदेशातच एकेकीची किंमत काहीशे डॉलर, त्यामुळे बेळगाव-निपाणी पट्ट्यात पोचेपर्यंत ती पंचवीस हजारांच्या पुढेच जाते. आमच्या सांबऱ्यासारख्या, विमानतळ आणि हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे बाहेरच्यांना माहीत असलेल्या गावात एवढे पैसे बाहुलीवर घालणाऱ्याला घरचेसुद्धा वेड्यात काढतात. पण आमच्याकडे दिवाळीत किल्ला करणारं प्रत्येक घर थोडं संग्राहकाचंच असतं. गेल्या वर्षीचे मावळे कागदात गुंडाळून खोक्यात जातात, पुढच्या वर्षी बाहेर येतात. बाजारातून नवे, रेखीव मावळे आले तर जुने पायथ्याला उभे राहतात. टाकून कोणी देत नाही.

महागड्या मूर्तींचं गणित मात्र वेगळं. ‘द डार्क नाइट’मधला जोकर घ्या. पहिला 2008 चा. त्यानंतर कंपनीने ‘डीएक्स’ ही महाग मालिका सुरू केली आणि तिचा पहिला मानही जोकरलाच दिला. याच्या डोळ्यांची बुबुळं हलतात. डोक्याचा मागचा भाग काढायचा, आतली यंत्रणा बोटाने सरकवायची, की दोन्ही बुबुळं एकाच दिशेला वळतात. पुढे काही वर्षांतच ‘डीएक्स-11’ आला, जोकर 2.0. चेहरा आणखी हुबेहूब, कपडे नवे. दोघे शेजारी उभे केले की पहिला एकदम खेळण्यातला वाटू लागतो. काल तोच आपल्याला हुबेहूब वाटत होता.

जुन्याचा भाव नवा हातात पडल्यावर नव्हे, तर नुसती घोषणा झाली की ढिला पडतो. घोषणा आणि पार्सल यांत अनेकदा वर्षभराचं, कधी त्याहून जास्त अंतर असतं. आगाऊ नोंदणीसाठी पैसे उभे करायचे म्हणून जुना विकायला काढला जातो. हे सगळ्यांना एकाच वेळी सुचतं. बाजारात एकदम माल येतो आणि घेणारा तर म्हणतो, थांबतो, नवाच घेतो. यात सर्वांत जास्त पोळतो तो ‘पुढे भाव येईल’ म्हणून खोकं न उघडता कपाटात ठेवणारा. खोकं उघडून चार-पाच वर्षं मूर्ती डोळे भरून पाहिलेल्याचे पैसे बरेचसे वसूल झालेले असतात. न उघडणाऱ्याजवळ फक्त भाव होता, तोही गेला.

अर्थशास्त्रात हे जुनंच दुखणं आहे. रोनाल्ड कोस यांनी 1972 मध्ये दाखवलं की टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराची स्पर्धा त्याच्याच उद्याच्या मालाशी असते. गिऱ्हाइकाला हे उमगलं की तो आज पूर्ण भाव द्यायला कचरतो. म्हणून शहाण्या विक्रेत्याने स्वतःलाच बांधून घ्यावं. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या अमेरिकी खेळात नेमकं हेच घडलं. 1995 मध्ये तो खेळ काढणाऱ्या कंपनीने ‘क्रॉनिकल्स’ नावाच्या संचात जुनी दुर्मीळ पानं पुन्हा छापली आणि संग्राहक खवळले. 1996 मध्ये कंपनीने ठरावीक पानांची यादी जाहीर करून ती पुन्हा कधीच छापणार नाही, असा शब्द दिला. ही ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ आजही आहे, आणि तिच्यामुळे काही पानं नव्या खेळाडूंच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. म्हणजे शब्द दिला तर नवा माणूस मरतो, नाही दिला तर जुना. माझं मत विचाराल तर मी नव्याच्या बाजूने आहे. आधी जन्मलो आणि आधी पैसे मिळाले, एवढ्यावर जन्मभराचा मक्ता कोणी मागू नये.

मूर्तींची कंपनी पुन्हापुन्हा तेच का काढते, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. उद्यमबागेत ओतकाम आणि मशिनिंगवर घरं चालतात. निपाणीकडे जाताना महामार्गालगत हत्तरगीला एकस कंपनीचं विशेष आर्थिक क्षेत्र लागतं. ही कंपनी विमानांचे सुटे भाग करते आणि खेळणीही करते. पोलादी डाय करण्यात पैसा आधीच घातलेला असतो. नग निघतील तेवढा तो खर्च वाटला जातो. म्हणून नव्या आवृत्तीत आतलं शरीर पुष्कळदा ठरलेलंच असतं. बदलतात ते डोकं, हाताचे पंजे, कपडे आणि रंगकाम, म्हणजे फोटोत दिसणारा भाग.

आपल्याकडे जुन्या-नव्याच्या या भावात सरकारनेही हात घातला. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. त्यातच 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं चिन्ह सक्तीचं झालं. तो आदेश चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे आणि या मूर्तींच्या खोक्यांवर त्याहून मोठं वय छापलेलं असतं. पण सीमाशुल्काच्या टेबलावर असला वाद घालायला छोटा दुकानदार उभा राहत नाही, तो मागवणंच बंद करतो. याचा परिणाम उलटा झाला. नवा आणणं महाग आणि कटकटीचं झाल्यावर, देशात आधीच येऊन बसलेल्या जुन्याला आपोआप आधार मिळाला. 2.0 मुळे परदेशात पडलेला भाव इथे तेवढा पडायचं कारण उरलं नाही.

जुन्याचा खरा वैरी मात्र दमट हवा. बेळगावचा पावसाळा कपाटातही शिरतो. या मूर्तींचे कोट आणि पट्टे बहुधा खऱ्या कातड्याचे नसतात, कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. दमटपणात तो आधी चिकट होतो, मग त्याच्या खपल्या निघतात. न उघडलेल्या खोक्यातही हे थांबत नाही. आयर्न मॅनच्या छातीतला दिवा लावणाऱ्या बटण-सेल आत विसरल्या तर त्या पाझरून तांब्याच्या पट्ट्या हिरव्या करतात. अशा मालकासाठी सुधारित आवृत्ती म्हणजे संकट नव्हे, तोच जोकर धड कोटात परत मिळण्याची एकमेव सोय.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीच्या पावणेचार इंची ‘जी. आय. जो’ बाहुल्या 1982 मध्ये आल्या तेव्हा त्यांचे हात कोपराच्या वर फिरत नसत. 1983 मध्ये त्याच बाहुल्या फिरत्या हातांच्या करून पुन्हा काढल्या. वरकरणी आधीच्या निकामी ठरल्या, पण संग्राहक आज त्या ‘स्ट्रेट आर्म’ म्हणून वेगळ्या शोधतात. एमआरएफने हॅस्ब्रोबरोबर 1987 मध्ये फनस्कूल कंपनी काढली आणि गोव्यात कारखाना टाकला. हॅस्ब्रोच्या जुन्या डाय भारतात आल्या. अमेरिकेत ही मालिका 1994 मध्ये संपली, तरी भारतात ती पुढेही निघत राहिली, आणि कधीकधी मूळ बाहुलीला कधीच नव्हते अशा रंगांत. अमेरिकी संग्राहकांनी पुढे त्या इथून मागवल्या. सुधारणा म्हणावी असं त्यांत काही नव्हतं, पण ते विजोड रंग मूळ मालिकेत नव्हतेच, म्हणून त्यांना मागणी राहिली.

तुमच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातली अशी बाहुली कमरेतून तुटून पडली असेल, तर ती रद्दीत घालू नका. ती बहुधा तुटलेली नसते. धड आणि पाय जोडणारं आतलं छोटं काळं रबर कुजलेलं असतं. पाठीवरचा एकच स्क्रू काढा, त्या मापाची ओ-रिंग मिळवा, आकड्यात अडकवा आणि स्क्रू हलक्या हाताने बसवा. जास्त आवळलात तर प्लॅस्टिक तडकेल.