सुराचे लाकूड, श्वासाची धूळ

भिवंडीतल्या साध्या यंत्रमागावर धावणारा लाकडी धोटा आणि इलेक्ट्रिक गिटारचा फिंगरबोर्ड यांच्यात एक साम्य आहे. दोन्हींना लाकूड हवे ते कठीण, गुळगुळीत आणि सतत घासूनही लवकर न झिजणारे. पण असे लाकूड घासताना उडणाऱ्या धुळीचा विचार लाकूड निवडताना क्वचितच होतो.

गिटारची बॉडी बहुधा महोगनी, अ‍ॅश किंवा आल्डरची असते. तारांचा ताण सोसणारी मान मेपलची, तर फिंगरबोर्ड एबनीचा किंवा आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवी लाकडाचा. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तारांचे कंपन चुंबकीय पिकअप टिपतो. त्यामुळे पोकळ पेटीच्या साध्या गिटारइतका लाकडाचा आवाजात वाटा नसतो. म्हणजेच निवडीला वाव आहे, आणि त्या निवडीत कारागिराच्या प्रकृतीलाही जागा हवी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील लँकेशायरमध्ये धोट्यांसाठी आफ्रिकन बॉक्सवुड वापरले जाऊ लागले. ते तासणाऱ्या कामगारांना डोकेदुखी, नाकाडोळ्यांतून पाणी आणि धाप यांचा त्रास झाला. त्या लाकडात विषारी अल्कलॉइड होते. शिसवी लाकडातील क्विनोन नावाच्या रसायनांमुळे काहींच्या त्वचेवर खाज व पुरळ उठते. काही लाकडांच्या धुळीने दमा जडतो. खोकला वा धाप कामाच्या दिवशी किंवा रात्री वाढते आणि सुटीत कमी होते, ही त्याची खूण.

सर्वांत गंभीर धोका नाकाच्या आतील कर्करोगाचा. 1960च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम परिसरातल्या फर्निचर कामगारांमध्ये तो ठळकपणे दिसून आला. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगजनक ठरवले. हा आजार विरळ आहे. मात्र तो धुळीशी संबंध आल्यानंतर अनेक वर्षांनी, कधी काम सोडल्यावरही उद्भवतो.

उपाय साधे आहेत. पॉलिश पेपरने घासताना सर्वांत बारीक धूळ उडते, म्हणून यंत्रालाच धूळ खेचणारी नळी जोडावी. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरावा. कोरडा झाडू किंवा हवेचा झोत टाळून ओल्या फडक्याने पुसावे. घरी जाण्यापूर्वी कपडे बदलावेत. नवे लाकूड घेताना त्याचे नाव विचारून घ्यावे. त्रास झाल्यास डॉक्टरांना ते सांगता येते.

नाकाची एकच बाजू सतत चोंदत असेल किंवा त्यातून वारंवार रक्त येत असेल, तर सर्दी समजून थांबू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, आणि आपण लाकूडकाम करतो हे न विचारताही आधी सांगावे.