लहानसे यान अजस्र कसे भासते?

जळगाव-धुळ्याकडील शालेय विज्ञान प्रदर्शनांत मांडलेले पुठ्ठ्याचे अंतराळयान प्रत्यक्षात कितीही हुबेहूब दिसले, तरी मोबाइलवर त्याचे चित्रीकरण केले की ते खेळणेच वाटते, आणि याचे एक मोठे कारण कारागिरीत नसून गुरुत्वाकर्षणात असते.

‘स्टार ट्रेक’ या 1966 साली सुरू झालेल्या अमेरिकी मालिकेतील ‘एंटरप्राइझ’ हे यान कथेत सुमारे 289 मीटर लांब होते, तर त्याची चित्रीकरणाची मोठी प्रतिकृती सुमारे 3.4 मीटरची, म्हणजे मूळ यानाच्या साधारण 85व्या हिश्श्याएवढी होती. याच प्रमाणात, म्हणजे मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांच्या मापांच्या गुणोत्तरात, भुसावळच्या फलाटावरील 22 मीटरचा रेल्वेडबा जेमतेम 26 सेंटिमीटरचा होईल. परंतु लांबी आटली तरी पडण्याचा वेग त्या हिशेबाने आटत नाही. शंभर मीटरवरून कोसळणाऱ्या वस्तूला सुमारे साडेचार सेकंद लागतात, तर शंभरपट लहान देखाव्यात एका मीटरवरून पडणारा तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आतच जमिनीला टेकतो, आणि ही घाई डोळ्यांना लगेच खटकते. वेळेतील हा फरक साधारण दहापट असतो; म्हणून सेकंदाला 24ऐवजी 240 चित्रे टिपून ती नेहमीच्या गतीने दाखवली, की पडझडीला भारदस्त संथपणा येतो.

पाणी आणि आग मात्र या युक्तीला दाद देत नाहीत, कारण थेंबांचा आणि ज्वाळांचा आकार प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही.

विद्यार्थ्यांनी आधी प्रमाण ठरवावे, मग कात्री हाती घ्यावी आणि चित्रीकरणासाठी मोबाइलमधील ‘स्लो मोशन’ अवश्य वापरून पाहावे.