छातीवरचे वजन : घ्यावे कसे, ठेवावे कसे

जोर काढणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी पडत नाही : सुरुवात कशी करावयाची आणि शेवट कसा? तो जमिनीवर हात टेकतो, आणि दम संपला तरी जमिनीवरच असतो. त्याचे वजन त्याच्यापाशीच असते. ते कोठून आणावे लागत नाही आणि कोठे नेऊन ठेवावेही लागत नाही. बाकावर उताणे निजून दोन हातांतले डंबेल्स छातीवरून वर रेटण्याचा जो व्यायाम हल्ली व्यायामशाळांतून चालतो, त्यात मात्र हाच प्रश्न सर्वांत अवघड होऊन बसतो. लांब दांड्याचे वजन बाकाच्या खांबांवर टेकून ठेवता येते. डंबेल्सना ती सोय नाही. २० किलोची जोडी वर रेटण्याची ताकद असलेला तरुण निजल्या निजल्या बाजूला हात लांबवून जमिनीवरून ती उचलू पाहतो, आणि खांदा दुखावतो तो तेथे. रेटावे कसे हे सारे सांगतात. घ्यावे कसे आणि ठेवावे कसे हेही शिकवावे लागते, असे आमचे म्हणणे आहे.

याचे कारण खांद्याच्या घडणीत आहे. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. खुब्यासारखी खोल खोबण त्याला नाही. म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो जागेवर राहण्यासाठी स्नायू व कंडरा यांच्यावर फार अवलंबून असतो. हात शरीरापासून दूर व मागे गेला असता त्यावर भार पडला, तर हा आधार फाजील ताणला जातो.

तेव्हा रीत अशी. डंबेल्स जमिनीवरून उचलताना गुडघे वाकवावेत, पाठ सरळ ठेवावी. मग बाकाच्या कडेवर बसून दोन्ही डंबेल्स मांड्यांवर, गुडघ्यांजवळ उभे धरावेत. मागे निजताना एकेका गुडघ्याने त्यांना वर लोटा द्यावा आणि ते छातीशी आणावेत. म्हणजे चढविण्याचे काम मांड्या करतात, खांदे नव्हे. व्यायाम संपल्यावर डंबेल्स छातीशी घ्यावेत, गुडघे वर आणून त्यांना भिडवावेत आणि पायांच्या झोक्याने उठून बसावे. ही कृती प्रथम हलक्या जोडीने दहा-वीस वेळा नुसती घोटावी. यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

रेटताना दोन्ही खवाटे मागे-खाली ओढून बाकावर रोवावेत, तळपाय जमिनीला घट्ट टेकावेत, मनगट मागे मुडपू देऊ नये. कोपर धडापासून काटकोनात फाकवू नये. साधारण ४५ अंशांत ठेवावे. खाली येताना सावकाश यावे. वर जाताना श्वास सोडावा. दम कोंडल्याने रक्तदाब एकदम चढतो, म्हणून ज्यांना तो विकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चकत्यांचे डंबेल्स असतील तर त्यांचे आटे प्रत्येक वेळी तपासावेत. चकती निसटली तर ती तोंडावरच येते!

आता वजन वाढविण्याचा प्रश्न. १९०४-०५ साली हिंदुस्थानचा दौरा करून गेलेल्या सँडोच्या पद्धतीत डंबेल्स हलके असत, त्यामुळे हा पेच तेथे नव्हता. वजन क्रमाने वाढविण्याच्या शास्त्राला वळण दिले ते अमेरिकी सैन्यातील डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी, तेही जखमी सैनिकांचे दुबळे स्नायू पुन्हा सशक्त करताना. १९४८ साली वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी मांडलेली रीत आजही उपयोगी आहे : जेमतेम १० वेळा उचलता येईल ते वजन ठरवावे, पहिली फेरी त्याच्या निम्म्याने, दुसरी पाऊणपटीने, तिसरी पुऱ्या वजनाने करावी.

डंबेल्स बहुधा अडीच किलोंच्या पायऱ्यांनी मिळतात. १० वरून १२.५ वर जाणे म्हणजे एकदम २५ टक्के वाढ. ३० वरून ३२.५ म्हणजे आठ टक्क्यांहून थोडी अधिक. म्हणजे नवशिक्याचीच उडी मोठी पडते. त्याने आहे त्याच वजनाने ८ वरून १२ वेळांपर्यंत चढावे, मग पुढची जोडी घेऊन पुन्हा ८ वर यावे. शेजाऱ्याच्या हातातला आकडा पाहून जोडी बदलणाऱ्यांना हे रुचत नाही. पण स्नायूंच्या मानाने कंडरा सावकाश बळावतात, आणि त्यांना आकड्यांची ईर्षा समजत नाही.

जड वजनाला सोबती हवाच. त्याने डोक्यामागे राहून मनगटांपाशी हात द्यावा; कोपरांखाली हात दिला तर कोपर वाकून डंबेल तोंडावर येण्याचा धोका राहतो. सोबती नसेल तर एक-दोन वेळा उचलण्याची ताकद शिल्लक असतानाच थांबावे. तरीही हात हरलेच, तर डंबेल्स शरीराजवळून बाजूला खाली सोडावेत. हात फाकवून त्यांना सावरण्याचा प्रयत्न करू नये. आजूबाजूला कोणाचे पाय नाहीत, हे आधीच पाहून ठेवलेले असावे.

स्नायूंचा दुसऱ्या दिवशीचा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो. परंतु वजन खाली आणताना काखेपाशी काही फाटल्यासारखे वाटले, दंडावर काळेनिळे पसरले, छातीचा आकार एका बाजूला बदलला, तर छातीच्या मोठ्या स्नायूची कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी शेक आणि मालीश यांत आठवडे घालवू नयेत; लगेच अस्थिशल्यतज्ज्ञाकडे जावे, कारण ती जोडण्याची शस्त्रक्रिया लवकर झाली तर सोपी जाते.