स्वमग्नता : समजून घेऊ या, सामावून घेऊ या



गणेशोत्सव, हळदीकुंकू, दिवाळी पहाट, महाराष्ट्र दिन... देशापासून दूर राहूनही आपण सगळं हौसेने साजरं करतो. पण काही घरं हळूहळू कार्यक्रमांना येईनाशी होतात. विचारलं तर "जमत नाही हो" एवढंच उत्तर मिळतं. त्यातल्या काही घरांत स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेलं मूल असतं. आजच्या मदतनिधीच्या निमित्ताने हा विषय थोडा समजून घेऊ या.

स्वमग्नता म्हणजे काय?

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हापासून ऑटिझमची वेगळी ओळख झाली. हा काही औषधाने बरा होणारा आजार नव्हे. मेंदूची जडणघडणच वेगळी असते आणि ती आयुष्यभर तशीच राहते. 'स्वमग्न' हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. ही मुलं आपल्यातच मग्न असतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळदा बाहेरचा प्रत्येक आवाज, उजेड, वास, स्पर्श त्यांच्यावर एकदम आदळत असतो. आपल्याला आनंद देणारा ताशा एखाद्याला अक्षरशः दुखतो.

कोणी अजिबात बोलत नाही. कोणी अस्खलित बोलतं, पण थट्टा कळत नाही. कोणी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतं. हात फडफडवणं, गोल फिरणं हा बहुतेक वेळा मन शांत करण्याचा त्यांचा मार्ग असतो. आणि हो, ही मुलं मोठीही होतात! पंचविशीतल्या तरुणालाही हीच समज हवी असते.

काही गैरसमज

"आईने लक्ष दिलं नाही." एके काळी परदेशातले डॉक्टरसुद्धा असंच म्हणत. ते केव्हाच खोटं ठरलं आहे. लशींमुळे ऑटिझम होतो, हेही खरं नाही. ज्या १९९८ च्या लेखामुळे ही भीती पसरली, तो 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला.

तिसरा गैरसमज आपल्या अगदी जवळचा. "घरी मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून गोंधळतो. मराठी बंद करा." आतापर्यंतच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं, असं दिसलेलं नाही. मराठी बंद केली तर नुकसान मात्र नक्की : फोनवरच्या आजीआजोबांशी असलेला धागाच तुटतो.

आपण काय करू शकतो?

* कार्यक्रमाचा क्रम आणि वेळा घरच्यांना आधी कळवा. आरती कधी, ढोल कधी हे माहीत असलं की मुलाची तयारी करता येते.
* हॉलशेजारी एक शांत खोली मोकळी ठेवा.
* दाराशी एक स्वयंसेवक असू द्या. काही मुलं गर्दीतून अचानक बाहेर पळतात.
* "पाया पड", "काकूंना नाव सांग" असा आग्रह नको. नजरेला नजर न देणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.
* मोदकाला हात लावला नाही तर राहू दे. घरचा डबा आणला असेल तर नाक मुरडू नका.
* मूल ओरडलं, जमिनीवर लोळलं, तर तो हट्टच असेल असं नाही. बऱ्याचदा सहनशक्ती संपलेली असते. बघ्यांची गर्दी आणि सल्ले दोन्ही टाळा. "काही मदत हवी का?" एवढं पुरे.

इथलं वातावरण

या देशात याबाबत बरंच काम झालं आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी 'अल नूर' संस्था दुबईत १९८१ पासून आहे, तर दुबई ऑटिझम सेंटर २००१ साली सुरू झालं. २००६ साली अशा व्यक्तींच्या हक्कांचा संघीय कायदा झाला. २०१७ पासून त्यांना 'पीपल ऑफ डिटरमिनेशन', म्हणजे जिद्दीची माणसं, असं म्हटलं जातं. दुबई विमानतळावर सूर्यफुलांचा पट्टा गळ्यात घातला की कर्मचारी ओळखतात, या प्रवाशाला जरा सबुरीने घ्यायचं. मायदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी त्याचा जरूर लाभ घ्यावा. एवढ्या मोठ्या विमानतळाला हे जमतं, तर आपल्या हॉलला का जमू नये?

शेवटी एक विनंती

थेरपी आणि विशेष शाळा यांचा खर्च अनेक घरांना पेलत नाही, म्हणून आपली देणगी लाखमोलाची आहे. २०२१ च्या संघीय कायद्यानुसार देणग्या गोळा करण्याचा अधिकार परवानाधारक संस्थांनाच आहे, तेव्हा मदत त्यांच्यामार्फतच करावी. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या परस्पर आवाहनांना भुलू नये.

पण मंडळी, पैशाने थेरपी मिळेल, शेजार मिळणार नाही. तो आपणच द्यायचा आहे. येत्या कार्यक्रमाला अशा एका घराला आवर्जून फोन करू या, आणि "या" म्हणताना "कधीही उठून गेलात तरी चालेल" हेही सांगू या. आपला खारीचा वाटा तिथूनच सुरू होतो.