किती पट मोठे, की किती स्पष्ट?

प्रयोगशाळेच्या कपाटातून सूक्ष्मदर्शक टेबलावर आला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "हा किती पट मोठे दाखवतो?" प्रश्न वावगा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की अगदी जवळजवळ असलेले दोन ठिपके हे उपकरण वेगवेगळे दाखवू शकते काय? या दोन प्रश्नांतील फरक समजला, की सूक्ष्मदर्शकाचा कोणता भाग कशासाठी आहे हे सहज उलगडते.

प्रकाशाच्या वाटेने

भागांची नावे पाठ करण्यापेक्षा आपण प्रकाशाच्या मागोमाग जाऊ या. सर्वांत खाली आरसा असतो. खिडकीतून येणारा उजेड तो वर वळवतो. अलीकडच्या बऱ्याच सूक्ष्मदर्शकांत आरशाच्या जागी विजेचा छोटा दिवा असतो. आरशाच्या वर कंडेन्सर, म्हणजे वस्तूवर प्रकाश एकवटणारे भिंग. कंडेन्सर असेल तर आरशाची सपाट बाजू वापरावी. नसेल तर अंतर्वक्र बाजू थोडेफार तेच काम करते. तेथेच लहानमोठे करता येणारे गोल छिद्र असते. त्याला पटल म्हणतात. त्यावर मंच आणि मंचावर चिमट्यांनी धरलेली काचपट्टी.

काचपट्टीवरील वस्तूतून निघालेला प्रकाश वस्तुभिंगात शिरतो. वस्तू या भिंगाच्या नाभीच्या किंचित पलीकडे असते. त्यामुळे काय होते, हे तुम्ही बहिर्वक्र भिंगाच्या प्रकरणात शिकलाच आहात : वस्तूची मोठी, उलटी आणि वास्तव प्रतिमा मिळते. ती नळीच्या वरच्या भागात तयार होते. नेत्रिका म्हणजे ही प्रतिमा पाहण्याचे साधे भिंग. ती प्रतिमेला आणखी मोठे करते, पण सुलटे करीत नाही. वर्तमानपत्रातील 'ग' हे अक्षर मंचावर ठेवून पाहा : ते उलटे दिसेल. काचपट्टी डावीकडे सरकवा : अक्षर उजवीकडे पळेल!

वस्तुभिंगावर ४०× आणि नेत्रिकेवर १०× असे कोरलेले असेल, तर एकूण विशालन ४० × १० = ४०० पट.

पोकळ विशालन

मग २५× ची नेत्रिका बसवली, तर १००० पट होईल. अधिक दिसेल काय? नाही. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगातून पाहिले, तर शाईचे ठिपके मोठे होतात. छायाचित्रातील माणसाच्या पापण्या काही मोजता येत नाहीत. जे छापलेलेच नाही, ते भिंग कोठून आणणार?

प्रकाश तरंगरूप आहे. म्हणून निर्दोष भिंगातूनही बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशी तबकडी होते. दोन बिंदू फार जवळ आले, की त्यांच्या तबकड्या एकमेकींत मिसळतात आणि दोनाचा एकच ठिपका दिसतो. दोन बिंदू वेगळे दाखवण्याच्या शक्तीला विभेदनक्षमता म्हणतात. तिची मर्यादा जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिली.

तुमच्या ४०× वस्तुभिंगावर ०.६५ असा आणखी एक आकडा बहुधा कोरलेला असेल. भिंग किती रुंद शंकूतून प्रकाश गोळा करते, याचे ते माप. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरू. वेगळे दिसू शकणारे किमान अंतर = ०.६१ × ०.५५ ÷ ०.६५, म्हणजे सुमारे अर्धा मायक्रोमीटर. सर्वोत्तम वस्तुभिंग तेलाच्या थेंबात बुडवून वापरले, तरी ही मजल साधारण ०.२ मायक्रोमीटरपर्यंतच जाते.

आता आपल्या डोळ्याकडे वळू. २५ सेंटिमीटरवरून डोळ्याला सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रोमीटर अंतरावरचे ठिपके वेगळे दिसतात. ०.२ चे १०० करायला ५०० पट विशालन पुरते. डोळ्याला ताण पडू नये म्हणून दुप्पट घ्या : १००० पट. त्यापुढचे विशालन पोकळ. "२००० पट" अशी जाहिरात पाहून शाळेसाठी उपकरण घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांनी हा हिशेब अवश्य करावा आणि वस्तुभिंगावरील दुसरा आकडा विचारावा.

या मर्यादेपलीकडे जाण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. चकाकणाऱ्या रेणूंच्या युक्तीने प्रकाशानेही ही मर्यादा ओलांडता येते. त्या कामाला २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शालेय उपकरणात मात्र आबे यांचाच कायदा चालतो.

कांद्याचा पापुद्रा

कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा सोलून त्याचा लहानसा तुकडा पाण्याच्या थेंबात पसरा. आयोडिनचा एक थेंब टाका. पातळ आच्छादन काच एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने तिरपी खाली सोडा. काच आडवी टाकली, तर हवा अडकते. जाड काळ्या कडेचे वाटोळे दिसले, तर ती पेशी नव्हे. तो हवेचा बुडबुडा! पाणी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वळून बाजूला जातो, म्हणून कड काळी दिसते.

प्रथम नेहमी १०× वस्तुभिंग घ्या. बाजूने पाहत मोठ्या पेचाने वस्तुभिंग आणि काचपट्टी यांतील अंतर कमी करा. मग नेत्रिकेला डोळा लावा आणि तो पेच उलट फिरवून अंतर वाढवत जा. या क्रमाने काचपट्टी कधी फुटत नाही. प्रतिमा दिसली, की लहान पेचाने ती रेखीव करा. त्यानंतरच ४०× फिरवून आणा आणि आता फक्त लहान पेच वापरा. कारण हे भिंग काचेपासून एक मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर असते.

पेशी फिकट दिसत असतील, तर उजेड वाढवू नका. पटल हळूहळू लहान करा; पेशीभित्तिका ठळक होतील. मात्र ते फार लहान केले, तर प्रकाशाचा शंकू अरुंद होतो आणि विभेदनक्षमता घटते. आरसा सूर्याकडे कधीही वळवू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

मोजून पाहा

१०× वस्तुभिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवा. समजा, दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १.६ मि.मी. भरला. पापुद्र्याच्या पाच पेशी टोकाला टोक लावून या व्यासात बसल्या, तर एका पेशीची लांबी १.६ ÷ ५ = ०.३२ मि.मी. तीच नेत्रिका ठेवून ४०× वस्तुभिंग लावले, तर वर्तुळ चौपट लहान, म्हणजे ०.४ मि.मी. होईल. तेथे एखादी पेशी जेमतेम पूर्ण मावेल. पण तिच्यातील केंद्रक नीट न्याहाळता येईल.

तेव्हा प्रयोगवहीत कांद्याच्या पेशीचे चित्र काढाल, तेव्हा त्याखाली "४०० पट" एवढेच लिहून थांबू नका. तुम्ही स्वतः मोजलेली पेशीची लांबीही शेजारी लिहा.