मुंबई ते अलकनंदा, व्हाया फरीदाबाद

प्रकाश मुंबईहून पुण्याला निघाला तर किती वेळात पोचेल? सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात! दीडशे किलोमीटर! आपल्या मनात लोणावळ्याच्या चिक्कीचा विचार यायच्या आत हा गडी शिवाजीनगरला पोचलेला असतो. एका सेकंदात जाऊन-येऊन हजार फेऱ्या. डेक्कन क्वीनने जा-ये करणारा माणूस वर्षाला तीनशे दिवस धरून तीस वर्षांत नऊ हजार फेऱ्या करतो आणि शेवटी निवृत्तीचा नारळ घेतो. प्रकाशाला त्यासाठी नऊ सेकंद पुरतात.

आता या गड्याला वर्षभर पळू द्या. कापलेलं अंतर भरतं साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हेच एक प्रकाशवर्ष. 'लाख कोटी' म्हटलं की आपल्याला १ फेब्रुवारीची संसद आठवते, तेव्हा हिशेबही अर्थमंत्र्यांच्याच भाषेत करू. भाडं ठेवू किलोमीटरला एक रुपया. (एसटीसुद्धा इतक्या स्वस्तात नेत नाही.) सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर. एका माणसाचं एकेरी तिकीट ४० लाख कोटी रुपये! केंद्र सरकारचा २०२५-२६चा अख्खा अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या आसपास होता. म्हणजे पगार, पेन्शन, रस्ते, रणगाडे, खतांचं अनुदान, सगळं वर्षभर बंद ठेवलं तर भारत देश एका माणसाला एकदा प्रॉक्सिमाला धाडू शकतो. परतीच्या तिकिटाला पैसे पुरत नाहीत.

आणि वेळ? ताशी १०० किलोमीटरने, सिग्नल नाही, क्रॉसिंग नाही, अशी गाडी सोडली तरी ४ कोटी ५८ लाख वर्षं. खंडाळ्याचे बोगदे ज्या काळ्या कातळातून खणले, तो कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता. तेव्हा सुटलेली गाडी प्रॉक्सिमाला पोचून, लगेच उलटी फिरली असती, तरी घरी यायला तिला अजून अडीच कोटी वर्षं लागली असती. हा आपला शेजारी बरं का, भिंतीला भिंत लागून असलेला!

अशा परक्या ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांहून अधिक ग्रह आतापर्यंत पक्के नोंदले गेले आहेत. त्यांतला एक आपल्या ओळखीचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांचं नाव २०१९ साली एका ताऱ्याला मिळालं: 'बिभा'. त्याच्या ग्रहाचं नाव 'संतमस'. हा ग्रह ताऱ्याला इतका बिलगून फिरतो की त्याचं वर्ष सुमारे २.१४ दिवसांत संपतं. इथे ज्याची साठी झाली, त्याचा तिथे दहा हजार दोनशेवा वाढदिवसही होऊन गेलेला असेल. मेणबत्त्यांचा खर्च सोसायचा कोणी?

हे सगळं बघायला डोळाही तसाच हवा. २५ डिसेंबर २०२१ला उडालेली जेम्स वेब दुर्बीण आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबई-पुणे दहा हजार वेळा. साडेसहा मीटरचा आरसा, त्यावर सोन्याचा मुलामा. सोनं किती लागलं असेल? फक्त ४८ ग्रॅम! पाच तोळेसुद्धा नाही. आपल्याकडे एका लग्नात यापेक्षा जास्त अंगावर चढतं. मात्र दुर्बिणीचा एकूण खर्च हजार कोटी डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे ७५ हजार कोटी रुपये. २०१५ साली अवकाशात गेलेली आपली ॲस्ट्रोसॅट १७८ कोटींत झाली, म्हणजे एका वेबच्या पैशांत चारशेवर ॲस्ट्रोसॅट. (आणि त्या स्वस्तातल्या ॲस्ट्रोसॅटने पुण्याच्या आयुकातल्या शास्त्रज्ञांना ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेची अतिनील किरणं दाखवली. काटकसर म्हणतात ती ही.) वेबची नजर मात्र वेबचीच. नवी दिल्ली स्टेशनवर ठेवलेलं रुपयाचं नाणं ३६ किलोमीटरवरच्या बल्लभगडहून टिपावं, इतकी तीक्ष्ण.

या नजरेने काढलेल्या एका छायाचित्रसंचात ७० हजार वस्तू होत्या. त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना एक दीर्घिका सापडली. नोव्हेंबर २०२५मध्ये ती जगजाहीर झाली. नाव ठेवलं अलकनंदा, हिमालयातल्या नदीवरून. वाटेत आबेल २७४४ हा दीर्घिकांचा भलामोठा समूह भिंगासारखा आडवा आला, त्यामुळे ती दुप्पट उजळ दिसली. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. अलकनंदा आपल्याला दिसते ती विश्व १५० कोटी वर्षांचं असतानाची. आज विश्व म्हणजे ऐंशी वर्षांचे आजोबा असं धरलं, तर हा फोटो त्यांच्या चौथीतला. त्या वयात नुसता धुडगूस अपेक्षित असतो. इथे तर दोन सुबक सर्पिल भुजा, भांग पाडून उभ्या राहिल्यासारख्या! शास्त्रज्ञ चक्रावले ते याचमुळे.

तिचा व्याप बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला ३० हजार वर्षं लागतात. ताऱ्यांचं वस्तुमान सुमारे हजार कोटी सूर्यांएवढं. एक सूर्य म्हणजे पाण्याचा एक थेंब धरा आणि मळ्यातली विहीर घ्या, वीस फूट व्यासाची. हजार कोटी थेंबांनी तिच्यात सुमारे छप्पन्न फूट पाणी चढतं! शिवाय वर्षाला साठेक नवे सूर्य होतील एवढा माल तिथे ताऱ्यांत घडत होता. विहिरीच्या मापाने हा वर्षाला चमचाभरही नाही. पण पृथ्वीच्या मापाने? एका सूर्यात ३ लाख ३३ हजार पृथ्व्यांचं वजन. साठ सूर्य म्हणजे वर्षाला दोन कोटी पृथ्व्या. दिवसाला ५५ हजार. मिनिटाला ३८. हे वाक्य तुम्ही वाचून संपवलंत तेवढ्यात दोन पृथ्व्यांचा ऐवज तयार!

अलकनंदेचा हा प्रकाश निघाला त्याला सुमारे १२०० कोटी वर्षं झाली. हा काळ पंजाब मेलच्या रुळांवर पसरू या. मुंबईच्या सीएसएमटीपासून फरीदाबादपर्यंत सुमारे १५१५ किलोमीटर. फरीदाबादच्या मराठी घरांना ही वाट पाठ असते, दिवाळीची आणि मे महिन्याची. प्रकाश सीएसएमटीहून सुटला आणि आज फरीदाबादला पोचला. किलोमीटरला ७९ लाख वर्षं. चला!

इगतपुरी गेलं. नाशिक, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ गेलं. पृथ्वी नाही. खंडवा, इटारसी, भोपाळ. नाही म्हणजे नाही. बीना यायला चाळीसेक किलोमीटर उरले असताना पृथ्वीचा गोळा जमतो. ललितपूर मागे टाकलं, झाशी यायची आहे, तेव्हा कुठे जीवाणूंची वळवळ. मग ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा, सगळी स्टेशनं सूक्ष्मजीवांच्याच राज्यात. कोसी कलांच्या आसपास समुद्रात प्राण्यांची गर्दी उसळते. पलवलला डायनासोर गाडीत चढतात आणि बल्लभगडला उतरतात! तिथेच कुठेतरी सह्याद्रीचा लाव्हा वाहतो. फलाट लागला, गाडी थांबायला दीड डबा उरला, तेव्हा माणूस जन्मतो. भास्कराचार्यांची लीलावती, साल ११५०: गाडी थांबायला अकरा सेंटिमीटर. देशाचं स्वातंत्र्य: एक सेंटिमीटर. जेम्स वेबचं उड्डाण: अर्धा मिलिमीटर.

भास्कराचार्यांचं नाव घेतलंच आहे, तर शेवटचा हिशेब त्यांच्यापुढे मांडू. त्यांच्या घराण्याची हकीकत सांगणारा शिलालेख पाटण्याला आहे, याच मार्गावरच्या चाळीसगावजवळ. ती आपली ताशी शंभरची गाडी अलकनंदेला सोडली तर किती वर्षांनी पोचेल? प्रकाशाच्या १२०० कोटी वर्षांना एक कोटी आठ लाखांनी गुणा. लाख, कोटी, अब्ज तिथे थिटे पडतात. खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य... एकावर सतरा शून्यं, म्हणजे परार्ध! लीलावतीतली संख्यांची यादी जिथे संपते ती शेवटची पायरी. आणि आपल्या गाडीला लागतात सव्वा परार्धाहून जास्त वर्षं. यादी संपली, प्रवास उरला! वाटेत विश्व प्रसरण पावतं म्हणून अंतर आणखी वाढतं, ते यात धरलेलंच नाही. धरलं तर मोटरमन राजीनामा देईल. वर अलकनंदा काही शेवटचं स्टेशन नव्हे. वेबलाच तिच्यापलीकडच्या, विश्व ३० कोटी वर्षांचंही नव्हतं तेव्हाच्या दीर्घिका दिसल्या आहेत. तिथे पोचायला गाडीला दीड परार्धाच्या घरात वर्षं लागतील.

इतक्या दूरचे फोटो बघायला मात्र छदामही लागत नाही. वेबची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. फरीदाबादच्या किंवा जळगावच्या कॉलेजात बसूनही ती उतरवून घेता येतात. ज्याच्याकडे इंटरनेट आणि चिकाटी आहे, त्याने शोधायला बसावं.